सवयीचे मर्म : प्रोफेसर विल्यम जेम्स यांचे चरित्र

विद्यार्थिमित्रहो, आज सकाळी शाळेत येण्यासाठी तुम्ही सदरा अंगात घातला, तेव्हा प्रथम उजवा हात बाहीत घातला की डावा, हे आठवून सांगता येईल काय? गुंड्या वरून खाली लावल्या की खालून वर? घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर जी वळणे घेतली, त्यांपैकी किती विचार करून घेतली? बहुतेकांना या प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत. फार तर सदरा पुन्हा एकदा घालून पाहावा लागेल; आणि मग जे आपणांस ठाऊक नाही ते आपल्या हातास पक्के ठाऊक आहे, असे दिसून येईल. घरी आई भाकरी थापीत असता शेजारणीशी बोलत असते, मधूनच तव्यावरची भाकरी उलथते, धाकट्याला दटावते, आणि तरीही परातीतली भाकरी काठाला चिरत नाही. परंतु तिने आयुष्यात पहिली भाकरी थापली, त्या दिवशी तिलाही ओठ घट्ट मिटून सारे चित्त त्या पिठाच्या गोळ्यावर लावावे लागले असेल.

जे काम एके काळी सर्व मन लावून करावे लागे, तेच पुढे मनाच्या नकळत कसे होऊ लागते? आणि ते तसे होऊ लागले म्हणजे त्यापासून मनुष्याचे हित होते की अहित? या प्रश्नांचा विचार ज्या थोर पुरुषांनी केला, त्यांत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ व तत्त्ववेत्ते प्रोफेसर विल्यम जेम्स यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र वाचनीय असण्याचे आणखी एक कारण आहे. सवयीचा महिमा जगाला समजावून देणाऱ्या या पुरुषास स्वतःला नियमितपणाचे बाळकडू मिळालेले नव्हते. भर तारुण्यात, आजारात व निराशेत, त्याला ते एकेक थेंब करून मिळवावे लागले.

विल्यमचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. त्याच्या आजोबांनी आयर्लंडमधून अमेरिकेत येऊन व्यापारात अपार संपत्ती मिळविली होती. त्यामुळे वडील हेन्री जेम्स यांना पोटासाठी कोणताही धंदा करण्याचे कारण पडले नाही. लहानपणी आगीच्या एका अपघातात त्यांना एक पाय गमवावा लागला होता. ते घरी बसून धर्म व समाज या विषयांवर चिंतन करीत, ग्रंथ लिहीत व मुलांशी तासन् तास वाद घालीत. मुलांच्या शिक्षणाविषयी त्यांची मते विलक्षण होती. मुलांना लवकर एका साच्यात घालू नये, हा त्यांचा आग्रह. आणि कोणतीही शाळा त्यांच्या मनास फार काळ पसंत पडत नसे. त्यामुळे विल्यम व त्याची भावंडे न्यूयॉर्क, जिनीव्हा, लंडन, पॅरिस, बुलोन, न्यूपोर्ट, पुन्हा जिनीव्हा व बॉन अशी गावोगाव व शाळोशाळी फिरत राहिली. या भटकंतीचा लाभ लहान नव्हता. विल्यमला फ्रेंच व जर्मन भाषा उत्तम आल्या, थोर चित्रकारांच्या कृती पाहावयास मिळाल्या. त्याच्याहून एका वर्षाने लहान असलेला भाऊ हेन्री पुढे इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबरीकारांत गणला गेला. परंतु रोज ठरल्या वेळी ठरल्या बाकावर बसून ठरलेले काम करणे म्हणजे काय, हे मात्र या मुलाला कळले नाही.

त्याचे फळ पुढे दिसून आले. अठराव्या वर्षी विल्यमने चित्रकार होण्याचे ठरविले व न्यूपोर्ट येथे विल्यम हंट या चित्रकाराच्या हाताखाली तो शिकू लागला. त्याचा हात चांगला होता. तथापि वर्ष उलटते न उलटते तोच त्याने कुंचला खाली ठेवला. १८६१ साली तो हार्वर्ड विद्यापीठाच्या विज्ञानशाळेत रसायनशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाला. तेथून शरीररचनाशास्त्राकडे वळला. १८६४ साली वैद्यकीच्या अभ्यासास लागला. तोही मध्येच सोडून पुढल्या वर्षी लुई आगासिझ या सुप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाबरोबर तो ब्राझील देशात ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात मासे व इतर प्राणी गोळा करण्यासाठी गेला. तेथे त्याला देवीच्या आजाराने गाठले. पदार्थ स्वतःच्या डोळ्यांनी निरखून पाहावा हा धडा त्याने आगासिझकडून घेतला. पण नमुने गोळा करीत हिंडणे हा आपला मार्ग नव्हे, हेही त्याला तेथेच उमगले. नंतर तो जर्मनीत गेला. मज्जातंतूंचे व्यापार प्रयोगांनी मोजण्याचे नवे शास्त्र तेथे उदयास येत होते, त्याची त्याला ओढ लागली. अखेर १८६९ साली तो वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडला, पण रोग्याची नाडी पाहण्याचा धंदा त्याने एक दिवसही केला नाही.

वय सत्तावीस, हाती पदवी, आणि पुढे काळोख. पाठ सतत दुखे, डोळ्यांना थोड्या वाचनाने शीण येई, रात्री झोप लागत नसे. देहदुःखापेक्षाही एक विचार त्याला अधिक पोखरीत होता. मनुष्याचे सर्व वर्तन जर मज्जातंतूंच्या यंत्राने ठरत असेल, तर आपण प्रयत्न करतो असे जे आपणांस वाटते तो केवळ भासच नव्हे काय? आणि तसे असेल तर सकाळी अंथरुणातून उठावयाचे तरी कशासाठी? जिणे नकोसे वाटावे इतकी त्याची अवस्था शोचनीय झाली होती.

अशा स्थितीत त्याच्या वाचनात शार्ल रनूव्हिए या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचा एक निबंध आला. मनात अनेक विचार येत असता त्यांपैकी एक आपल्या इच्छेने धरून ठेवणे, हेच मनुष्याचे स्वातंत्र्य होय, अशा आशयाचे प्रतिपादन त्यात होते. ३० एप्रिल १८७० रोजी विल्यमने आपल्या रोजनिशीत एक निश्चय लिहून ठेवला. इच्छास्वातंत्र्य आहे असे मानून चालावयाचे, आणि त्या स्वातंत्र्याची पहिली कृती म्हणजे तसे मानणे हीच! त्याच टिपणात त्याने स्वतःस आणखी एक गोष्ट बजावली आहे. नियमितपणाच्या सवयी जडल्याशिवाय मोठ्या कार्याकडे जाता येत नाही. म्हणून कृपणाने दाणा दाणा साठवावा तसा लहान लहान निश्चयांचा संचय करावा, आणि साखळीची एक कडी निसटली तर किती कड्या वाया जातात याचे विस्मरण होऊ देऊ नये. वाचकहो, सवयीविषयी जो उपदेश त्याने पुढे सतरा वर्षांनी जगापुढे मांडला, त्याचे बीज हे असे एका खचलेल्या तरुणाच्या रोजनिशीत पडलेले आहे.

त्या एका दिवसाने चमत्कार झाला असे मात्र कोणी समजू नये. त्यानंतरही दुखणी येत-जात राहिली. १८७२ साली हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास शरीरव्यापारशास्त्र शिकविण्यास बोलाविले, व पुढील वर्षाच्या आरंभापासून तो शिकवू लागला. ठरल्या वारी, ठरल्या घटकेला विद्यार्थी समोर येऊन बसत. प्रकृती बरी असो वा नसो, बोलावयास उभे राहावेच लागे. जी शिस्त बालपणी लाभली नव्हती ती अशा रीतीने तिसाव्या वर्षानंतर पदरी पडली, आणि घरच्या मंडळींनाही त्याच्यात पडलेला फरक दिसू लागला.

१८७५ साली प्रोफेसर जेम्स यांनी हार्वर्ड येथे मानसशास्त्राचे अध्यापन सुरू केले. प्रयोग दाखविण्यासाठी एक लहानशी खोलीही मिळविली. १८७८ साली ॲलिस गिबन्स या सुशील शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी एका प्रकाशकास त्यांनी मानसशास्त्रावर ग्रंथ लिहून देण्याचे वचन दिले. दोन वर्षांत संपेल असे वाटलेल्या त्या कामास बारा वर्षे लागली! ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १८९० साली बाहेर पडला, तो सुमारे चौदाशे पृष्ठांचा होता. त्यातील सवयीवरील प्रकरण त्याआधी १८८७ साली एका मासिकात आले होते, व आजही ते आवडीने वाचले जाते.

या प्रकरणाचा गाभा असा. आपले मज्जातंतू व मेंदू हे दगडासारखे कठीण नाहीत, आणि पाण्यासारखे आकारहीनही नाहीत. त्यांना वळण देता येते व दिलेले वळण त्यांत टिकते. कागदाला एकदा घडी पडली की पुढल्या वेळी तो त्याच रेषेवर सहज दुमडतो. नवा कोट प्रथम अंगाला अडखळतो, वापरून वापरून अंगासारखा होतो. पावसाचे पाणी ज्या वाटेने एकदा वाहिले त्या वाटेने ते पुन्हा वाहते आणि ओघळ खोल करीत जाते. मेंदूतही एखादी क्रिया वारंवार घडली म्हणजे तिची वाट मळते. आपल्या मराठी भाषेने तर हे सारे एका शब्दात साठविले आहे. नित्याची गोष्ट अंगवळणी पडली असे आपण म्हणतो, मुलांना वळण लावावे असे म्हणतो, अक्षराचे वळण पाहतो. या तिन्ही ठिकाणी तेच वळण आहे.

पण अशी वाट मळल्यावर मन तेथे काय करते? जेम्स यांच्या मते मन केवळ आरंभाची आज्ञा देते व बाजूला होते. पहिल्या हालचालीने स्नायूंत जी संवेदना उठते तीच दुसऱ्या हालचालीला जागे करते, दुसरी तिसरीला. आणि रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांप्रमाणे एकामागून एक क्रिया वर येत जातात. मध्ये काही बिघडले, म्हणजे गुंडी तुटलेली निघाली किंवा वाटेत खड्डा आला, तरच मन पुन्हा हजर होते. या मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ जेम्स यांनी इतरांच्या ग्रंथांतून वेचलेल्या गोष्टी फार मनोरंजक आहेत. रॉबेर-हूदँ नावाचा फ्रेंच जादूगार चार चेंडू हवेत झेलता झेलता समोर उघडून ठेवलेले पुस्तक वाचण्यास शिकला होता. पुढे तीस वर्षे त्याने चेंडूंना बहुधा हात लावला नाही. तरी त्यानंतर करून पाहता तीन चेंडू झेलीत त्याला वाचता आले. दुसरी गोष्ट एका निवृत्त शिपायाची. तो दोन्ही हातांत जेवण घेऊन घरी चालला असता कोणा थट्टेखोराने कवाइतीचा हुकूम मोठ्याने दिला. तत्क्षणी शिपायाचे हात ताठ खाली गेले, आणि मांस व बटाटे गटारात पडले! गोष्ट खरी असो वा रचलेली, अशा घटना आपणही पाहतो. मेजवानीसाठी पोशाख बदलावयास शयनगृहात गेलेले विसराळू गृहस्थ कपडे उतरवता उतरवता थेट अंथरुणात जाऊन निजल्याचेही जेम्स सांगतात. कपडे उतरविण्याची पहिली कडी हलली, आणि रोजच्या रात्रीची साखळी आपोआप ओढली गेली.

तर मग अशा यांत्रिक वागण्याची थट्टाच करावी काय? मुळीच नाही, असे जेम्स म्हणतात. नित्याची जितकी कामे सवयीच्या स्वाधीन करता येतील तितके आपले मन उच्च कार्यासाठी मोकळे राहील. केव्हा उठावे, केव्हा निजावे, अभ्यासास केव्हा बसावे, याचा दररोज नव्याने खल करणाऱ्या मनुष्याचा अर्धा वेळ खल करण्यात किंवा पश्चात्तापात जातो. त्याच्याइतका दुःखी जीव दुसरा नाही. हे वर्णन करताना लेखकाला आपली स्वतःची तरुणपणची मूर्ती डोळ्यांपुढे दिसत असली पाहिजे.

परंतु सवय ही आंधळी दासी आहे. मालकाने चांगले काम सांगितले की वाईट, हे ती पाहत नाही. जेम्स बजावतात की, एवढ्या एका वेळेपुरते मोजावयाचे नाही असे आपण म्हणतो, पण मोजणारे आपल्या आतच बसलेले असतात. मज्जातंतूंच्या वहीत प्रत्येक खेप मांडली जाते. म्हणून चांगली सवय लावण्याचे काही नियम त्यांनी घालून दिले आहेत. पहिला नियम असा की, आरंभ जोमाने व चारचौघांत बोलून दाखवून करावा, म्हणजे माघार घेणे अवघड जाते. दुसरा, सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये; कारण लोकरीचा गुंडा गुंडाळीत असता तो एकदा हातून सुटला की अनेक वेढे उलगडतात. तिसरा, निश्चय केल्यावर तो कृतीत आणण्याची पहिली संधी दवडू नये. नुसत्या सदिच्छांनी मेंदूत वाट पडत नाही. चौथा, रोज एखादे लहानसे न आवडणारे काम केवळ अभ्यास म्हणून करावे, म्हणजे संकटाच्या वेळी मनोबल कसास उतरते. घराच्या विम्याचा हप्ता भरण्यासारखेच हे आहे.

हे विचार त्यांनी पंडितांपुरतेच ठेवले नाहीत. शाळामास्तरांपुढे त्यांनी दिलेली व्याख्याने १८९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतही सवयीला मोठे स्थान आहे. मुलांचे मज्जातंतू त्यांचे शत्रू न होता मित्र व्हावेत, हे शिक्षणाचे मोठे काम होय, असा त्यांचा आशय आहे.

जेम्स यांच्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि नव्या संशोधनाने त्यांच्या पुष्कळ तर्कांना पुष्टी मिळाली, तर काहींना मुरड घालावी लागली आहे. १९५३ साली अमेरिकेतील एका अपस्माराच्या रोग्यावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली व त्यानंतर नव्या गोष्टी स्मरणात ठेवण्याची त्याची शक्ती नाहीशी झाली. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्याचे काम दिले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हे काम आपण पूर्वी कधी केले होते हे त्याला आठवेना. पण हात मात्र दिवसेंदिवस सफाईने चालू लागला! हाताची आठवण व मनाची आठवण यांची मेंदूतील ठिकाणे निराळी आहेत, असे यावरून दिसून आले. मेंदूच्या खोल भागातील मज्जापेशींचे पुंज व मागील बाजूचा लहान मेंदू यांचा अशा अंगवळणी कामांत मोठा वाटा असतो, हे आता सर्वमान्य आहे. उलटपक्षी, १९५१ साली कार्ल लॅश्ली यांनी दाखवून दिले की, वाद्य वाजविणाऱ्याची बोटे इतकी जलद चालतात की प्रत्येक हालचालीला आधीच्या संवेदनेची वाट पाहण्यास वेळच नसतो. तेव्हा क्रियांची संपूर्ण मालिकाच मेंदूत आधीपासून योजलेली असली पाहिजे.

तिसाव्या वर्षापर्यंत मनुष्याचा स्वभाव ओल्या चुन्यासारखा असतो व मग तो घट्ट होतो, असे जेम्स यांना वाटे. आज आपण जाणतो की मेंदूला वळण घेण्याची शक्ती प्रौढपणीही सर्वस्वी संपत नाही. आणि जेम्स यांचे स्वतःचे चरित्र हाच त्याचा दाखला नव्हे काय? अपवादाविषयीचा त्यांचा नियमही थोडा सौम्य करावा लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ माणसांना रोज एक लहानशी नवी सवय लावून घेण्यास सांगितले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे ती अंगवळणी पडण्यास कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला; मध्यम प्रमाण ६६ दिवसांचे निघाले. मुख्य म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने झालेले काम वाया गेले नाही. गुंडा हातून सुटला तर काही वेढे उलगडतील. पण लोकर कोठे जात नाही, ती पुन्हा गुंडाळता येते.

जेम्स यांची उत्तरायुष्यातील वर्षे कीर्तीची होती, पण आरामाची नव्हती. १८९८ साली डोंगर चढताना झालेल्या अतिश्रमाने त्यांच्या हृदयाला अपाय झाला. त्या दुखण्यातही त्यांनी एडिंबरो येथे धर्मानुभवाच्या विविध प्रकारांवर व्याख्याने दिली. त्यांचा ग्रंथ १९०२ साली निघाला. १९०७ साली ते हार्वर्डमधून निवृत्त झाले. झोप न येणे, मन द्विधा होणे, ही जुनी दुखणी त्यांना कधीच पुरती सोडून गेली नाहीत. तरीही लेखणी थांबली नाही. २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशायर संस्थानातील चोकोरुआ येथील आपल्या उन्हाळी घरी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रोफेसर जेम्स यांनी या म्हणीला मान डोलाविली असती. पण खोड जशी चिवट असते तशी चांगली सवयही चिवट असते, एवढे त्यांनी तिच्यात जोडले असते. पालकांनी मुलांना एकाच दिवशी दहा गोष्टींसाठी टोकण्यापेक्षा एकच गोष्ट निवडावी आणि ती मुलाच्या अंगवळणी पडेपर्यंत धीर धरावा. आणि विद्यार्थिमित्रहो, आज रात्री निजण्यापूर्वी उद्याची पुस्तके दप्तरात भरून ठेवा. उद्या रात्रीही भरा. विसरलात तर परवा भरा. काही आठवड्यांनी एके सकाळी दप्तर उचलाल तेव्हा ते भरलेले असेल, आणि ते केव्हा भरले हे तुम्हांला आठवणार नाही. त्या दिवशी हाताने एक काम मनाच्या अंगावरून उतरवून घेतले, असे समजावे. आणि मोकळे झालेले ते मन कोणत्या कार्याला लावावयाचे, याचा विचार मात्र पूर्ण जाणिवेने करावा.